गुरं दोनदा उतरली

ओबरलान, टिरोल
१६ सप्टेंबर १९७४

ती. वाल्बुर्गाताईस,
गेब्हार्टचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, या गावात पाव मिळत नाही. ही तक्रार मी पूर्ण गांभीर्याने नोंदवतो आहे. ज्या गावात हिवाळ्यात पाय ठेवायला जागा नसते, जिथे हॅम्बुर्गचे दंतवैद्य बर्फावरून घसरून आल्यावर पाच तऱ्हेचे पाव चिवडून ताटात टाकतात, त्या गावात व्हिएन्नाच्या विद्यापीठात संस्कृत शिकवून केस पांढरे केलेल्या, कोणाच्या अध्यात ना मध्यात अशा सद्गृहस्थाला सकाळी एक ताजा पाव मिळू नये? पाववाल्याच्या दारावर कुलूप. चौकशी केली तर कळलं, स्वारी सहकुटुंब इटलीच्या समुद्रावर गेली आहे. न्हावीही त्याच्याबरोबर गेला आहे, म्हणजे दाढीच्या बाबतीतही माझी आशा संपली. हे गाव वर्षभर दुसऱ्यांना सुट्टी विकतं आणि स्वतःची शरदात उरकून घेतं. हॉटेलांच्या खिडक्यांना झडपा, कठड्यांवर गाद्या उन्हाला टाकलेल्या, आणि रोपवेचे पाळणे तपासणीसाठी खाली उतरवून जमिनीवर ओळीने मांडलेले, गृहपाठ न केलेल्या पोरांना वर्गाबाहेर उभं करावं तसे.

मी विषय टाळतो आहे हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

आपली धाकटी झेन्झी मला बसथांब्यावर घ्यायला आली होती. इतकी वाळली आहे की आधी मी तिला ओळखलंच नाही. माझी पिशवी हातात घेण्याआधी तिने बसच्या ड्रायव्हरला विचारलं, की इटलीच्या अंगाने कोणी जखमी माणूस आणल्याचं ऐकलं का. त्याने नकारार्थी मान हलवली. तो रोज मान हलवतो म्हणे.

फोनवर तुला अर्धंमुर्धं कळलं होतं, ते नीट लिहितो. ऑगस्टच्या अखेरीस वरच्या कुरणातून दोन कालवडी भरकटल्या. झेन्झीचा नवरा कासिआन त्यांना शोधायला हिमनदीच्या कडेने वर गेला आणि धुकं उतरलं. संध्याकाळी कालवडी आपापल्या परत आल्या. आपले मेव्हणे आले नाहीत. बचावपथकाने आठवडाभर शोध घेतला आणि काठी तेवढी खाली आणली. त्यांच्या मते तो बर्फाच्या भेगेत गेला. झेन्झीच्या मते तो खिंड ओलांडून पलीकडे उतरला असेल, पाय मोडून एखाद्या मेंढपाळाच्या झोपडीत पडला असेल. ती पलीकडच्या गावांतल्या पाद्र्यांना रोज पत्रं घालते.

तिच्या गेस्टहाऊसच्या रिकाम्या भोजनगृहात, टेबलांवर खुर्च्या उलट्या टाकलेल्या, त्यांच्या मधोमध बसून ती कागदी गुलाब करत होती. मला वाटलं चर्चसाठी असतील. तिने शांतपणे सांगितलं, की ग्रेफिनच्या डोक्यावरच्या मुकुटासाठी. ग्रेफिन ही तिची म्होरकी गाय. साल सुखरूप गेलं की इथली गुरं मुकुट घालून, घंटा वाजवत उतरतात; पण ज्या घरात त्या साली माणूस गेलं, त्या घरची गुरं कुरणावरून बोडक्या डोक्याने उतरतात, घंटांत गवत कोंबून, हे तिला मी काय सांगणार? ती या खोऱ्यात वीस वर्षं नांदली आहे.

पाय कसा आहे? प्लास्टरवर नातवंडांना चित्रं काढू देऊ नकोस, डॉक्टर तुझ्याकडे गांभीर्याने बघणार नाहीत.

तुझा,
गेब्हार्ट

*

लिन्झ
१९ सप्टेंबर १९७४

चि. गेब्हार्ट यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पावपुराण शेजारणीला मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं. ती हसली. मग पुढचं मी मनातच वाचलं, आणि तिला खोटं सांगितलं की बाकी सगळं हवामानाबद्दल आहे.

गेब्हार्ट, तुला मी तिथे निबंध लिहायला पाठवलेलं नाही. ट्रामच्या पायरीवरून पडून हा पाय मोडला नसता तर तुझ्यावर विसंबलेच नसते. दोनच कामं आहेत. मुकुट होऊ द्यायचा नाही, आणि बर्फ पडायच्या आत तिला माझ्याकडे लिन्झला घेऊन यायचं. एकदा बर्फ पडलं की तिचा शोध जूनपर्यंत थांबला. त्या दिवशी ती त्या घरात एकटी असता कामा नये.

मुकुटाबद्दल मी हट्टाने का लिहिते ते ऐक. गावाचं मला काही वाटत नाही. गाव चार दिवस बोलेल आणि मग पाहुणे आले की सगळं विसरेल. मला काळजी फिलोमेनाबाईंची आहे. झेन्झीची सासू आता खालच्या वाडीत मुलीकडे असते, आणि कासिआनची बातमी कळल्यापासून तिने अंथरूण सोडलेलं नाही. तुमची गुरं तिच्या दारावरून जाणार. मोठ्या घंटा बांधतात त्या फक्त सजवलेल्या गुरांना. म्हातारी पडल्या जागी नुसत्या कानाने सांगते, कोणाच्या घराला हे साल कसं गेलं. तिला काय ऐकू येईल याचा झेन्झीने विचार केला आहे का? तू तरी केला आहेस का?

तिच्याशी वाद घालू नकोस, हेही सांगते. लहानपणापासून वादात तू जिंकतोस आणि ती करायचं तेच करते.

दाढी वाढव. बरी दिसेल. हनुवटी झाकली जाईल.

तुझी,
ताई

*

ओबरलान
२३ सप्टेंबर १९७४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी आज्ञा मोडली. वाद घातला, आणि इतिहासात प्रथमच हरलो.

झेन्झी रोज वर जाते. तिच्याबरोबर मीही गेलो. रोपवे तपासणीसाठी बंद आहे, माणसं न्यायला मनाई आहे. पण तिथला मुकादम सेराफिन, कासिआनचा शाळासोबती, झेन्झी आली की पाठ फिरवून पाइप पेटवतो, आणि तेवढ्यात मालाचा पाळणा निघतो. मला बघून म्हणाला, या प्राध्यापक, बसा, नाहीतरी वाळूची पोती चढवून दोरखंड तपासायचाच आहे, तुमच्यामुळे आमची दोन पोती वाचतील. झेन्झी हसली. ताई, मी आल्यापासून ती पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिने तोंडावर हात ठेवला, देवळात हसू फुटल्यासारखा.

वर ती काय करते ते लिहितो. हिमनदीच्या कडेला, जिथवर शोधून झालं तिथे तिने काटक्यांना लाल चिंध्या बांधून रोवल्या आहेत. कमरेला दोर बांधून ती एकेका भेगेपाशी पालथी पडते, कंदील आत सोडते, आणि शीळ घालते. कासिआन कालवडींना घालायचा तीच शीळ. मग कान देऊन पडून राहते. दोराचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. तिचा श्वास दोरातून मला कळत होता.

मी तिथेच मुद्दा काढला. तुला ठाऊक आहे, मी मुलांना शिकवतो: जमिनीवर घडा असता तर दिसला असता; दिसत नाही, म्हणून घडा नाही; न दिसणं हाच नसण्याचा पुरावा. हे तिला मी सोप्या शब्दांत, फार हळुवारपणे सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, दादा, तुझ्या पंडितांनी आधी जमीन सगळी पाहिली होती ना? हातातली काटकी तिने पुढच्या भेगेकडे रोखली. माझी कुठे पाहून झाली आहे?

याला उत्तर आहे. शास्त्रात आहे. मी दोर थोडा सैल सोडला, आणि ती पुढच्या भेगेकडे गेली.

दुसरी गोष्ट मला इथे येईपर्यंत सुचली नव्हती. गावात जो तो बर्फाची वाट बघतो आहे. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर पुरुषमंडळी आभाळाकडे बघत उभी असतात. कोणी गुडघा दुखतोय म्हणून आनंदाने सांगतो, कोणी म्हणतो मधमाश्या लवकर गप्प झाल्या, यंदा नोव्हेंबरातल्या संतदिनाच्या आत पडणार. लवकर बर्फ म्हणजे लवकर पाहुणे. झेन्झी जवळून गेली की सगळे एकदम बटाट्यांवर बोलू लागतात. वाईट कोणीच नाही त्यांच्यात. पण ती घरी येऊन मला म्हणाली, अख्खं गाव त्याच्यावर पांघरूण घालायची वाट बघतंय.

मुकुटाचं विचारशील. झाला आहे. देवदाराच्या फांद्या, कागदी गुलाब, मधे आरसा. शनिवारी गुरं उतरणार. सासूबाईंचं मी काढलं तर ती म्हणाली, त्यांनाच तर कळायला हवं की मी त्यांच्या मुलाला मेला म्हटलेलं नाही. ताई, ती वेडी झालेली नाही. वेडी असती तर सोपं होतं. ती पहाटे खाली घरी ठेवलेल्या गाईचं दूध काढते, घरभर झाडते, माझी कॉलर नीट करते, आणि मग मुकुटाला आणखी एक गुलाब लावते.

लिन्झला यायचं नाव काढलं की ती मला विचारते, तो आला आणि घराला कुलूप दिसलं तर?

तुझा,
गेब्हार्ट

*

ओबरलान
२५ सप्टेंबर १९७४

प्रिय ताईस,
झेन्झीचा नमस्कार.

दादा दर आठवड्याला तुला लांब पत्र लिहितो. लिहिताना माझ्याकडे बघतो आणि मी बघितलं की खिडकीकडे बघतो. म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

मला तुम्हा दोघांचा राग आलेला नाही. तू मला लहानपणी केस विंचरायचीस तेव्हाही दुखायचं आणि तेव्हाही तू माझ्या भल्यासाठीच करायचीस.

पण एवढं समजून घे. बचावपथकाने सांगितलं तो गेला. पाद्रीबुवांनी त्याच्या नावाच्या प्रार्थनेचा, मासचा, दिवस ठरवायचा का विचारलं. तालुक्याच्या कचेरीतला माणूस म्हणाला, काही वर्षं थांबावं लागेल, मग तो गेल्याचा कागद मिळेल. प्रत्येकजण काहीतरी करून मोकळा झाला. आता फक्त गुरं राहिली. मी ती बोडकी आणली, तर कासिआन गेला असं मी सांगितलं असं होईल. त्याच्या स्वतःच्या घराने सांगितलं असं होईल. त्यानंतर त्याला शोधणारं कोणीही उरणार नाही.

माझ्या हातून हे होणार नाही, ताई. एवढं एक मला सांगू नकोस.

दादाला थंडी बाधते आहे, तरी वर येतो. दोर दोन्ही हातांनी धरतो, जणू मी पतंग आहे.

तुझी,
झेन्झी

*

ओबरलान
२९ सप्टेंबर १९७४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल गुरं उतरली. दोनदा उतरली. मला जमेल तसं लिहितो.

सकाळी कुरणावर ग्रेफिनला मुकुट चढवला, मोठी घंटा बांधली. घंटेचा पट्टा धरायला मी मदत केली. हे मी लपवत नाही. तिला एकटीला तो आवळता येत नव्हता, आणि मी काही न करता उभा राहू शकलो नाही. बाकीच्या गाईंनाही घंटा. सेराफिन आणि दोन गडी मागे. पुढे झेन्झी, सणाच्या पोशाखात, हातात कासिआनची काठी.

आवाज दरीत आमच्या आधी पोचला. खालच्या वाडीच्या वळणावर आलो तेव्हा लोक रस्त्यावर आलेले होते. मला वाटलं होतं टोमणे मारतील. ताई, त्यांना आनंद झाला होता. या खोऱ्यात असा मुकुट खोटा असू शकतो हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. सजवलेली गुरं, मोठ्या घंटा, पुढे गुलाबी पोशाखातली झेन्झी: याचा अर्थ एकच होतो. कासिआन सापडला! एक बाई रडत येऊन झेन्झीच्या गळ्यात पडली. एकाने ओरडून विचारलं, अरे कुठे होता हा लबाड, इटलीत वाईन पीत बसला होता काय? चर्चचा घंटावाला टोपी सावरत देवळाकडे पळाला आणि घंटा वाजू लागली. झेन्झीने काही सांगायला तोंड उघडलं, पण त्या गोंगाटात कोण ऐकतो. गुरं थांबवली तर ती एकमेकांवर चढतात. आम्ही चालत राहिलो.

फिलोमेनाबाई दारात उभ्या होत्या.

चार आठवडे अंथरुणावर पडलेली बाई. अंगावर काळा रेशमी पोशाख, डोक्यावर फितींची टोपी, एका हाताने दाराची चौकट धरलेली, दुसऱ्या हातात दारूचा छोटा पेला. कुरणावरून उतरणाऱ्या माणसाला घरच्या बाईने पहिला पेला द्यायचा असतो. त्यांची मुलगी मागून खांदा धरून उभी होती आणि आमच्याकडे बघून मान हलवत होती, हो की नाही हे विचारावं तशी. म्हातारीने झेन्झीकडे पाहिलंच नाही. ती तिच्यामागच्या पुरुषांमध्ये शोधत होती. सेराफिनला म्हणाली, बाजूला हो रे धटिंगणा, तुझ्यामागे लपलाय ना? मग मोठ्याने हाक मारली, की कासिआन, पुरे झाला खेळ, आईचे पाय आता उभे राहत नाहीत.

तोवर चर्चची घंटा थांबली. कासिआन बरोबर नाही हे कोणीतरी सांगितलं असावं.

झेन्झी पुढे गेली. म्हणाली, आई, तो आलेला नाही. म्हातारीने तिच्याकडे पाहिलं, मग गाईच्या डोक्याकडे, मग परत तिच्याकडे. विचारलं, मग हे काय आहे? झेन्झीने गाईच्या गळ्यातली घंटा हाताने धरून थांबवली. पेला म्हातारीच्या हातातच होता, सांडला नव्हता. मग तिने अगदी साध्या आवाजात, सुनेला रोजचं काम सांगावं तसं सांगितलं, की गुरं परत वर ने, आणि नीट आण.

ताई, आम्ही परत नेली. वळणापलीकडे, देवदारांच्या मागे, जिथून वाडी दिसत नाही. मुकुट झेन्झीने स्वतः उतरवला; दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. रस्त्याकडेचं गवत उपटून आम्ही एकेका घंटेत कोंबलं. मग खाली उतरलो. नुसते खूर वाजत होते. लोक तिथेच उभे होते, पुरुषांनी टोप्या काढल्या होत्या. फिलोमेनाबाईही तशाच उभ्या होत्या, पण पेला खाली ठेवलेला होता. शेवटची गाय जाईपर्यंत त्या उभ्या राहिल्या, आणि मग मुलीने त्यांना आत नेलं.

झेन्झी घरी येऊन गुरं बांधून जेवली. मला वाढलं. माझ्या हातून सूपमध्ये मीठ जास्त पडलं होतं, त्याबद्दलही बोलली नाही.

गेब्हार्ट

*

लिन्झ
२ ऑक्टोबर १९७४

चि. गेब्हार्ट यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी दिवसभरात तीनदा वाचलं. रागावले नाही तुझ्यावर. पट्टा धरलास ते बरोबर केलंस की चूक, हे मला इथे बसून कळत नाही, आणि आता कळून उपयोगही नाही.

तिला आता लिन्झला आण. आता ती नाही म्हणणार नाही. गुरं सेराफिनकडे सोपवा. तिची जुनी खोली मी पडद्यांसकट धुऊन घेतली आहे. ती वर जाते का अजून? रडली का? रडली असेल तर मला कळव, मला बरं वाटेल.

प्लास्टर पुढच्या आठवड्यात काढणार.

तुझी,
ताई

*

ओबरलान
७ ऑक्टोबर १९७४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल दुपारपासून बर्फ पडतं आहे. गावात जणू जत्रा भरली. कालपर्यंत बंद असलेल्या झडपा उघडल्या, कोणीतरी अकॉर्डियन काढलं, आणि एक म्हातारा रस्त्याच्या मधोमध तोंड वर करून जीभ काढून उभा राहिला. हे मी तुला हसू यावं म्हणून लिहायला घेतलं होतं. पुढे नाही लिहिता येत.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. नाही, ती रडली नाही. नाही, गुरं उतरल्यापासून ती वर गेलेली नाही. पाद्र्यांना पत्रं घालणं थांबवलं आहे. बर्फ पडू लागलं तेव्हा ती खिडकीपाशी आली, थोडा वेळ पाहिलं, आणि म्हणाली, छान पडतंय. लिन्झचं विचारलं तर हो म्हणाली. लगेच. एका शब्दात. दादा, तू म्हणशील तेव्हा. गावातले लोक मला रस्त्यात थांबवून सांगतात, की बरं झालं, तिने मनाला समजावलं, तुम्ही आलात म्हणून झालं. सेराफिनने माझा हात दाबला. मीही दोन दिवस असंच समजत होतो, आणि चोरून खूषही होतो.

पण ती मला घर शिकवते आहे.

परवा तिने मला तळघरात नेऊन पाण्याचा मुख्य नळ दाखवला: कडाक्याच्या थंडीत तो किती उघडा ठेवायचा म्हणजे नळ्या फुटत नाहीत. काल गाईचं दूध काढायला बसवलं, आणि माझा हात हातात धरून शिकवलं, चुकलो तेव्हा रागावली नाही. कोणती गाय लाथ मारते, कोणती डाव्या बाजूने बसलेलं खपवून घेत नाही. सासूबाईंचं हृदयाचं औषध कुठल्या दुकानातून आणायचं. बॉयलर विझला तर काय करायचं. मी विचारलं, की हे सगळं मला कशाला, आपण तर लिन्झला जातो आहोत. ती म्हणाली, कोणाला तरी ठाऊक असावं. आज सकाळी तिने किल्ल्यांचा जुडगा माझ्या उशाशी आणून ठेवला. तिने केस धुतले आहेत. सणाचा पोशाख इस्त्री करून दाराच्या आत टांगला आहे. शेजारी डोंगरात घालायचे बूट, चरबी लावून मऊ केलेले.

आता वर शोधण्यासारखं काही नाही. काटक्या, चिंध्या, भेगा, सगळं झाकलं गेलं असेल. शोधायला जायचे हे बूट नाहीत.

मी शास्त्र शिकवतो, ताई. शंका घेऊन तिचं निरसन करणं हाच माझा धंदा आहे. या शंकेचं निरसन मला होत नाही. तुला पहिल्या पत्रापासून मी गमती लिहिल्या, कारण खरं लिहायची मला भीती वाटत होती. आता लिहितो. झेन्झी लिन्झला येणार नाही. ती एका सकाळी कासिआनकडे जायला निघेल, आणि परत यायचं तिच्या मनात नाही. दार मी लावतो, किल्ली खिशात ठेवतो, दिवसभर तिच्या मागे मागे फिरतो, आणि ती मला काही म्हणत नाही. प्लास्टर असलं तरी ये, नाहीतर कोणाला तरी पाठव. मी तिच्यावर नजर ठेवतो आहे, पण मी एकटा आहे आणि मला झोप लागते.

गेब्हार्ट